घरातल्या वस्तूंच्या मागच्या बाजू : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

तर ठरलं एकदाचं. ताई आणि मी मिळून घरातल्या वस्तूंमधलं जे जे डिझाइन बघून "अरे हे भारीये" असं तोंडातून निघतं ते स्कॅन करायचं, प्रत्येकावर चार ओळी लिहायच्या आणि शेवटी त्यातून एक मोठं पोस्टर छापायचं. खोकी, पाकिटं, बाटल्या, कापड, पेन, टेप, काय वाट्टेल ते चालेल. अट एकच, मुद्दाम विकत काही आणायचं नाही, घरात असलेलं किंवा कचऱ्यात निघालेलंच घ्यायचं. मग ताईने अजून एक अट घुसडली की समोरची बाजू घ्यायची नाही. तिचं म्हणणं समोरची बाजू विकण्यासाठीच नटवलेली असते, तिचं कौतुक करणारे ढिगाने आहेत, आपण आतली, खालची आणि दुमडलेली बाजू बघू. मला आधी हे अतीच वाटलं पण ती प्री-प्रेसमध्ये काम करते, छपाईला जाण्याआधीच्या फायली दिवसभर तपासत बसते, त्यामुळे तिची नजर नेहमी भलतीकडेच असते आणि बरेचदा तिथेच काहीतरी सापडतं.

६ जानेवारी

पहिला मान पाकिटांना. महत्त्वाची पत्रं ज्या पाकिटातून येतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला निळी किंवा काळी नक्षी छापलेली असते, बाहेरून उजेडात धरलं तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून. आपण पाकीट फाडतो, पत्र काढतो आणि ही नक्षी सरळ कचऱ्यात. आज जमलेली सगळी पाकिटं उलगडून टेबलावर मांडली आणि दोघी गप्पच झालो. कुठे आडव्यातिडव्या रेघांची जाळी, कुठे लाटा, कुठे बारीक ठिपके, एका ठिकाणी कंपनीचं चिन्हच शेकडो वेळा एकमेकांवर चढवून ठेवलेलं (हा प्रकार मला कंटाळवाणा वाटला, आतल्या बाजूला पण जाहिरात कशाला).

मग एक प्रयोग केला. एकाच कागदावर छापलेलं पत्र वेगवेगळ्या पाकिटात घालून मागून टॉर्च मारला. ज्या नक्षीची रेघ साधारण अक्षराच्या रेघेइतकीच जाड आहे तिथे खरंच काही वाचता येत नाही, अक्षर कुठलं आणि नक्षी कुठली ते डोळ्याला वेगळं काढताच येत नाही. पण नक्षी मोठी आणि ऐसपैस असली की मधल्या मोकळ्या जागेतून शब्द आरामात दिसतात. म्हणजे जी नक्षी दिसायला सगळ्यात गचपण तीच कामाची! आणि मजा म्हणजे गचपण असून तीच सगळ्यात देखणी पण आहे, ती वाकड्यातिकड्या रेघांची, जिच्यात कुठून सुरुवात झाली तेच कळत नाही. हिला पोस्टरवर मधली जागा, यावर वाद नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) केले. एकाच रंगातलं, नुसत्या रेघांचं काम असल्यामुळे झकास आले.

११ जानेवारी

आज खोकी सोडवली. सोडवली म्हणजे चिकटवलेले जोड उघडून पूर्ण सपाट केली. युक्ती लिहून ठेवते कारण परत लागणार: गरम करून लावलेला गोंद असेल (वाळल्यावर मेणासारखा लागतो) तर हेअर ड्रायर जवळ धरून हळूहळू सोलायचं, न फाटता सुटतो. पांढरा गोंद असेल तर ड्रायर धरून उपयोग नाही, तिथे पातळ सुरी सरकवायची आणि थोडी साल निघणार हे गृहीत धरायचं.

सपाट खोकं बघायची मला आता चटकच लागलीये. उभं असताना साधा चौकोन वाटणारा बॉक्स उघडला की त्याला कान, जिभा, खाचा, तिरके काप, कायकाय निघतं. एका खोक्याचं बूड तर असं आहे की चार पाकळ्या आधीच तिरप्या चिकटवलेल्या, खोकं उघडायला दोन बाजूंनी दाबलं की बूड आपोआप खटकन बसतं, हात लावावा लागत नाही. ही सगळी सपाट खोक्यांची दुनिया ज्याच्यापासून सुरू झाली तो रॉबर्ट गेअर, ब्रुकलिनचा कागदी पिशव्यांचा छपाईवाला. १८७९ च्या सुमाराची गोष्ट सांगतात ती अशी की पिशव्यांवर घडी पाडायची धातूची पट्टी सरकली आणि घडी पडायच्या ऐवजी कागद कापला गेला. दुसरा कोणी असता तर वाया गेलेल्या मालाकडे बघून कपाळ बडवत बसला असता, याच्या डोक्यात आलं की एकाच दाबात काप आणि घडी दोन्ही होत असेल तर खोकी सपाट अवस्थेतच बनवून पाठवता येतील. त्याआधी हे काम हाताने चालायचं.

पण आजची खरी मेजवानी आतल्या कानावर होती. जो कान दुमडून आत जातो, कोणाला दिसत नाही, तिथे रंगांचे छोटे चौकोन ओळीने छापलेले असतात, निळसर, गुलाबी, पिवळा, काळा, आणि शेवटी एखादा त्या ब्रँडचा खास रंग. मी लहानपणापासून याला सजावट समजत आलेय. ताई म्हणाली हा छपाई करणाऱ्याचा आरसा आहे, मशीन चालू असताना तो कागद उचलतो आणि मोठं चित्र नंतर, आधी हे चौकोन बघतो, शाई जास्त पडतीये का कमी पडतीये ते इथेच कळतं. शेजारी अधिक चिन्हासारखी बारीक खूण असते, चारही रंग एकमेकांवर नीट बसले तर ती एकच रेघ दिसते, जरा सरकले तर रंगीत भूतं दिसायला लागतात. एका खोक्यावर गुलाबी केसभर बाजूला गेलाय. मग पुढे उलटून बघितलं तर खरंच, समोरच्या चित्रातल्या बाईच्या ओठांची कड थोडी बाहेर आहे! आता ते दिसायचं थांबतच नाहीये.

ताईच्या भिंगातून बघितलं तर सगळा फोटो म्हणजे ठिपक्यांची फुलं. चार शाया जाळीने छापतात आणि प्रत्येक जाळी वेगळ्या कोनात वळवलेली असते, बहुतेक ठिकाणी काळी ४५ अंशात, निळसर १५, गुलाबी ७५ आणि पिवळी शून्यावर. तिरप्या ४५ वर आपल्या डोळ्याला रेघ सगळ्यात कमी जाणवते म्हणून सगळ्यात गडद शाई तिकडे, आणि सरळ आडव्या-उभ्यात सगळ्यात पटकन जाणवते म्हणून तिथे बिचारी पिवळी, जी तशीही फारशी दिसत नाही. पिवळी सोडून बाकीच्या तिघी एकमेकींपासून ३० अंशांवर. हे अंतर चुकलं की ठिपक्यांची फुलं न होता कपड्यावर पडतात तशा लाटा पडतात. मी अर्धा तास भिंग सोडलंच नाही, शेवटी ताईने हिसकावून घेतलं.

१४ जानेवारी

टूथपेस्टची ट्यूब. खालच्या शिवणीपाशी जी रंगीत पट्टी असते तिच्यावरून व्हॉट्सअॅपवर केवढं महाभारत चालतं, हिरवी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे केमिकल वगैरे. काहीही. ती मशीनसाठीची खूण आहे. ट्यूब भरताना ती फिरवून बरोबर समोरची बाजू समोर आणायची आणि मग शेपूट दाबून बंद करायचं, तर तेवढ्यासाठी सेन्सर ही पट्टी शोधतो. बाकी रंगांपेक्षा ठळक वेगळी दिसली म्हणजे झालं, म्हणून रंग बदलत राहतो. पाऊचच्या कडेला असते ती काळी चौकोनी टिकली पण याच कुळातली, तिथे ती कुठे कापायचं ते सांगते.

आईला दाखवलं तर म्हणाली, "अगं पण मी तर हिरवीच बघून घेते." आता काय बोलणार.

१९ जानेवारी

बाटल्यांची बुडं. याच्यावर जरा जास्त लिहिणारे, कारण हे आतापर्यंतचं माझं सगळ्यात लाडकं.

सोडावाल्या पेयांच्या प्लास्टिकच्या बाटलीचं बूड उलटं करून बघा, पाच पाकळ्यांचं फूल असतं. साध्या पाण्याच्या बाटलीला बहुतेकदा ते नसतं, तिथे आत दबलेलं बूड आणि थोड्या रेघा. फरक गॅसचा. आत गॅसचा दाब असला की तो सगळीकडे सारखा ढकलतो आणि सपाट बूड फुगून गोल होतं, मग बाटली टेबलावर उभीच राहणार नाही, डुलत बसेल. गोल आकार दाबाला सगळ्यात चांगला पण गोल बाटली उभी कशी करायची? सुरुवातीच्या बाटल्यांना खरोखरच गोल बूड होतं आणि खाली वेगळा रंगीत प्लास्टिकचा कप चिकटवलेला असायचा. नंतर बुडालाच पाच पाय काढले, पायांच्या मधला भाग गोलच ठेवला, म्हणजे दाब गोलाईने पेलायचा आणि उभं पायांवर राहायचं. कप गेला, प्लास्टिक वाचलं, आणि जाता जाता फूल मिळालं.

बरोबर मध्यभागी एक छोटा टिंब असतो, हाताला खडबडीत लागतो. बाटली आधी परीक्षानळीसारखी जाड नळी म्हणून ओततात, मग ती गरम करून लांबीत ताणत हवेने फुगवतात, आणि त्या नळीत प्लास्टिक जिथून शिरलं ती जागा म्हणजे हा टिंब. त्याच्याभोवतीचं प्लास्टिक फारसं ताणलं जात नाही म्हणून बाटली उजेडात धरली तर तेवढाच भाग जाड दिसतो. हे दोन्हीकडून ताणणंच महत्त्वाचं आहे, त्याने आतले रेणू ओळीत येतात आणि एवढं पातळ असून प्लास्टिक मजबूत होतं. ड्युपाँट या केमिकल कंपनीतल्या नॅथॅनिअल वायेथने हे जमवलं, पेटंट १९७३ चं. आणि हा माणूस चित्रकार अँड्र्यू वायेथचा भाऊ! घरात एक भाऊ रंगात आणि एक भाऊ प्लास्टिकमध्ये.

स्कॅनरवर बाटली ठेवून काही होईना, पाकळ्यांना खोलीच येत नाही. शेवटी बुडाला शाईचा रोलर फिरवून कागदावर ठसा घेतला. पायांचे पाच ठसे तेवढे उमटतात, मधलं सगळं कोरं. मऊ फोमवर कागद ठेवून दाबलं तर पाकळ्यांच्या कडाही येतात. छान आलंय, प्रिंट म्हणून भिंतीवर लावण्यासारखं.

२३ जानेवारी

छोट्या दोन गोष्टी. कोल्ड्रिंकच्या कॅनची उघडायची टिकली: ती झाकणाला ज्या रिव्हेटने बसवलेली असते तो रिव्हेट वेगळा तुकडा नाहीचे, झाकणाचाच पत्रा वर ओढून बनवलेला आहे, म्हणजे भोकच पाडलेलं नाही तर गळणार कुठून. आणि तोंडाभोवतीची कापाची रेघ पूर्ण गोल जात नाही, थोडी जागा सोडलेली असते म्हणून तुकडा आतच लटकून राहतो. आधीच्या टिकल्या उपटून निघायच्या, जमिनीवर पडायच्या, लोकांच्या पायात घुसायच्या. १९७५ मध्ये डॅनिअल कुडझिकची ही न निघणारी टिकली आली आणि तो उपद्रव संपला.

दुसरं, बिकचं साधं पारदर्शक पेन. १९५० पासूनचं. सहा कोनांचं म्हणून टेबलावरून गडगडत नाही, मध्ये बारीक भोक आहे ते आत हवा जायला, आणि टोपणाच्या टोकाचं भोक चुकून कोणी गिळलंच तर श्वास चालू राहावा म्हणून. पोस्टरवर घ्यायचं का? ताई म्हणे हे आता सगळ्यांना माहितीये. ठीके, राहू दे.

३० जानेवारी

आज पडद्याचं कापड मोजायला मेजरिंग टेप काढली आणि टेपच विषय होऊन बसली. टोकाचा धातूचा आकडा (हूक) हलतो, खुळखुळतो. मला वाटायचं स्वस्तातली आहे म्हणून ढिली. पण तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो आणि बरोबर स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो! फळीच्या कडेला अडकवून ओढलं की तो बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबलं की आत सरकतो, दोन्ही वेळेला माप शून्यापासूनच सुरू. आकड्याच्या रिव्हेटची भोकं नीट बघितली तर गोल नाहीत, लांबट आहेत. आमच्या टेपच्या आकड्याला मध्ये एक खाच पण आहे, खिळ्यात अडकवायला, म्हणजे एकट्या माणसाचं काम भागतं. आणि पट्टी पन्हाळीसारखी वाकवलेली म्हणून ती हवेत लांब सोडली तरी मोडत नाही.

असो, कापड. फुलांची नक्षी कुठे परत सुरू होते ते शोधलं आणि मोजलं, ३२ सेंटिमीटर. ताई लगेच, "रोटरी." कापड छापायच्या गोल जाळीच्या रोलरचा घेर बरेचदा ६४ सेंटिमीटर असतो, मग नक्षी ६४ मध्ये पुरी बसावी लागते, ३२, २१.३, १६ असे भाग पडतात. नक्षी काढणाऱ्याने किती का स्वच्छंद वेल काढेना, शेवटी तिला रोलरच्या घेरात स्वतःची शेपटी पकडायची असते. उजवीकडचा भाग निम्म्याने खाली सरकवलेला आहे, म्हणजे हाफ-ड्रॉप, त्यामुळे फुलं ओळीत उभी राहत नाहीत आणि डोळ्याला जोड सापडत नाही. मला सापडायला बराच वेळ लागला. सापडल्यावर मात्र पडदा कायमचा बिघडला, आता जोडच दिसतो.

कापडाच्या काठाला रंगांचे गोल ठिपके आहेत, आत आकडे. एका रोलरला एक ठिपका. शिवताना हा काठ दुमडून आत जातो. खोक्याच्या कानासारखंच. हे दोन्ही शेजारी शेजारी लावायचे.

६ फेब्रुवारी

आज वाजलं. मी म्हटलं आपल्या यादीत जे जे देखणं आलंय ते सगळं कुठल्यातरी अडचणीतून आलेलं आहे, गॅसचा दाब, सेन्सर, रोलरचा घेर. नुसतं हौस म्हणून केलेलं काहीच नाही का घ्यायचं? ताईचं मत, हौस म्हणतेस तिथे पण खाली अडचण असतेच, खणून बघ.

खणलं. विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरची स्ट्रॉबेरी थीफ ही कापडावरची नक्षी, १८८३ ची. त्याच्या बागेत थ्रश पक्षी फळं पळवायचे, त्यावर चिडायच्या ऐवजी त्याने नक्षी केली, म्हणजे पक्की हौस. पण ती छापली कशी तर आख्खं कापड आधी निळीत बुडवून काढायचं, मग जिथे निळा नको तिथला रंग ठशाने उडवायचा, मग त्या मोकळ्या जागेत लाल, पिवळे चढवायचे. गडद निळी जमीन आहे ती या पद्धतीतूनच आलेली. ताईच्या बाजूने एक गुण.

माझ्या बाजूने मारिमेक्को या फिनलंडच्या कापड कंपनीची उनिक्को ही नक्षी. कंपनीच्या मालकीणबाई आर्मी रातिया यांनी फुलांच्या नक्ष्या करायच्या नाहीत असं जाहीर केलं होतं, फूल झाडावरच छान असं त्यांचं मत, आणि माइया इसोला यांनी १९६४ मध्ये एवढी मोठी पॉपीची फुलं काढून समोर ठेवली की ती कंपनीची ओळखच होऊन बसली. ही शुद्ध जिद्द, इथे कुठलाही सेन्सर नव्हता. ताई म्हणाली, "मालकीण हीच अडचण." यावर मी वाद सोडून दिला, पण मला पटलेलं नाही.

(मॉरिसबद्दल अजून एक: त्याच्या ट्रेलिस वॉलपेपरमधले पक्षी त्याचे नाहीतच, मित्र फिलिप वेबने काढून दिले. चार फुलपानं काढायला बसलं की पक्षी अडतोच, माझंही तेच.)

१२ फेब्रुवारी

बारकोड. ही एक समोर नसलेली पण सगळ्यांना दिसणारी बाजू. नॉर्मन वुडलँडने मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत मोर्स कोडचे (तारेच्या लिपीचे) ठिपके आणि रेघा काढल्या आणि बोटांनी खाली ओढल्या, झाल्या जाड-बारीक पट्ट्या. त्याच्या पेटंटमध्ये (१९५२) मात्र नेमबाजीच्या फलकासारखी गोल वर्तुळंही होती, कारण गोल कुठूनही वाचता येतो. मग आज चौकोनी का? छपाईमुळे! मशीन वेगात असताना शाई कागद धावतो त्या दिशेने थोडी फासली जाते, वर्तुळांत एका बाजूच्या रेघा जाड होतात आणि वाचन बोंबलतं. आयबीएमच्या जॉर्ज लॉररने सरळ पट्ट्या केल्या, त्या छपाईच्या दिशेतच उभ्या ठेवल्या की शाई फासली तरी पट्टी फक्त उंच होते, जाड नाही. पहिला माल २६ जून १९७४ ला ओहायोत स्कॅन झाला.

आणि उंचीला अर्थच नाही म्हटल्यावर खेळायला केवढी जागा! पट्ट्या वर वाढवून गवत करा, झाडं करा, इमारती करा, मधून एक सलग आडवी पट्टी वाचण्यापुरती शाबूत ठेवली की झालं. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडायची आणि पट्ट्या लाल छापायच्या नाहीत, लाल उजेडाच्या स्कॅनरला लाल रेघ पांढरीच दिसते. जपानमध्ये तर फक्त असे बारकोड काढून देणारी कंपनी निघाली होती. आमच्या ढिगात असा एकच निघाला, पट्ट्यांना खाली पाय फुटलेले. लगेच कापून ठेवला.

१५ फेब्रुवारी

बाद माल. खोक्यात खोकं, त्यात पिशवी, त्यात पुडी, आणि वर "पर्यावरणाची काळजी घेतो" असं छापलेलं. बाद. सगळीकडे गोडगोड बोलणारं पॅकिंग, "मला उघड ना" वगैरे. बाद, आणि जरा रागानेच बाद. तिसरं एक सुंदर सोनेरी छपाईचं झाकण, पण उघडताना नख तुटलं.

२१ फेब्रुवारी

तांत्रिक लफडं. खोक्यांचे स्कॅन बघितले तर सगळीकडे लाटा. छापील ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरच्या टिपणीची जाळी एकमेकींवर बसली की मोआरे (या लाटांचं नाव) होणारच. कागद थोडा तिरका ठेवून, १२०० वर स्कॅन करून मग लहान केलं की बऱ्याच जातात. पण पोस्टर छापताना परत नवी जाळी येणार, म्हणजे जाळीवर जाळी, परत लाटा. ताईने तोडगा काढला: फोटो छापायचेच नाहीत. सगळं रेघांत काढायचं आणि दोनच सपाट शाया वापरायच्या, निळी आणि लाल, जाळी नाहीच तर लाटा कशाच्या. पाकिटांची नक्षी जशीच्या तशी बसते, बाटलीचे ठसे बसतात, बारकोड तर बसलेलाच आहे. ठिपक्यांची फुलं मात्र हाताने मोठी करून काढावी लागणार, चार शायांची गोष्ट दोन शायांत. निळसर आणि गुलाबीचीच जाळी घेते, १५ आणि ७५, आणि दोन्ही एकमेकींवर पडतात तिथे तिसरा गडद रंग फुकट मिळतो.

२८ फेब्रुवारी

मांडणी जवळजवळ झाली. मध्यभागी गचपण पाकीट, वर खोक्याचा कान आणि कापडाचा काठ शेजारी, खाली पाच पायांचं फूल, कोपऱ्यात टेपचा आकडा खऱ्या मापात. एक जागा रिकामी होती ती सपाट बुडाच्या कागदी पिशवीला दिली, घड्यांचा उलगडलेला नकाशा म्हणून. मार्गारेट नाइटच्या मशीनमुळे ही पिशवी घराघरात गेली, आणि त्या मशीनची कल्पना चार्ल्स अॅनन नावाच्या माणसाने ढापली होती, बाई भांडल्या, आपली रेखाटनं पुढे ठेवली आणि १८७१ मध्ये पेटंट मिळवलं. बुडाच्या घड्या काढताना मी तीनदा पिशवी उघडून बंद केली, कारण कोणती घडी आधी तेच कळेना. मशीनने हे कसं करत असतील याचा विचार करूनच दमायला होतं.

स्ट्रॉबेरी थीफ आणि उनिक्को अर्थातच पोस्टरवर नाहीत, ती घरात निघालेली नाहीत. कॅनची टिकली ताईने रेघांत काढलीये, जरा मोठी झालीये, ती लहान करायची. लाल शाई कागदावर गुलाबी पडते का ते बघायला उद्या दोन वेगवेगळ्या कागदांवर नमुना काढायचाय, आणि मजकुराचा टाइप एक पॉइंटने वाढवायचाय कारण आईला वाचता आला नाही.